आवाज बंद ठेवून

साहेबांच्या वाढदिवसाचा दहा बाय आठचा बॅनर चालला होता. मागं सिंह, वर ढग, मधोमध साहेब आणि खाली शुभेच्छुकांची अठरा मुंडकी. सिंह काही जमेना. नेटवर डरकाळी फोडणारे ढिगानं होते, पण साहेबांच्या चेहऱ्याशेजारी उभा करण्यासारखा एकही नव्हता. तेवढ्यात मोबाइलवर मेल आला. आदल्या रात्री टाकलेल्या माझ्या गेमच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम लागला होता.

मी कराडला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. सकाळी दहा ते रात्री आठ. रात्री अकरानंतर, आई झोपली की, वरच्या पत्र्याच्या खोलीत गेम खेळतो आणि खेळता खेळता मराठीत बडबडतो. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा सुरू केलं, ते तसंच चालू राहिलं. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं. मला एवढं जमवायला दोन वर्षं लागली. पैसे म्हणाल तर शंभर डॉलर साठल्याशिवाय खात्यात काही पडत नाही, आणि माझे शंभर डॉलर साठायला बहुतेक वेळा चार महिने जातात.

मारामारीचे गेम मी फारसे खेळत नाही. सगळ्यात जास्त बघितलं जातं ते ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या अमेरिकन माणसानं २०१६ साली आणलेला शेतीचा गेम. चित्रं, गोष्ट, संगीत सगळं एकट्यानं केलेलं. त्यात एक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. पहिलं पीक पार्सनिपचं, त्याला आम्ही मुळाच म्हणतो. पेरला की चार दिवसांत उपटायचा. पाऊस झाला तर पाणी पाजायचं वाचतं. पंचनामा नाही, पीकविमा नाही, तलाठी नाही. बघणारी बरीच पोरं शेतकऱ्यांच्या घरची आहेत आणि ती मला तिथल्या भोपळ्याला खत कधी घालायचं ते सांगतात.

क्लेम लागला होता तो मात्र दुसऱ्याच गेमवर. परदेशातल्या दोघांनी मिळून केलेला लहानसा गेम आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. समुद्राकाठचा दीपस्तंभ सांभाळणारी एक म्हातारी, तिची कंदिलाची कामं, बोटी, बस. मधेच पाऊस सुरू होतो आणि बासरी वाजायला लागते. त्या रात्री योगायोगानं आमच्या पत्र्यावरही पाऊस होता. म्हातारी खिडकीशी बसली आणि मी बोलायचा थांबलो. बडबड हाच माझा धंदा, पण त्या दोन मिनिटांत एक शब्दही बोललो नाही. एकेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओत क्लेम लागला तो नेमका तेवढ्याच दोन मिनिटांवर.

मेलमध्ये एका गाण्याचं नाव होतं. मी ते जन्मात ऐकलेलं नव्हतं. दुपारी डबा खाताना शोधून ऐकलं. कुठल्या तरी देशातला रॅपर तावातावानं काही सांगत होता आणि त्याच्या आवाजाखाली, अगदी तीच, आमच्या म्हातारीची बासरी. गाणं गेमनंतर दीड वर्षानं आलेलं. माझा डबा तसाच राहिला. म्हणजे यानं गेममधून उचललं, आणि वर मलाच म्हणतो, तू माझं उचललंस!

त्या क्षणी समोरच्या स्क्रीनवर मीच कुणाच्या तरी फोटोतून कापून काढलेला सिंह होता, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या धंद्यात फोटो कुणाचा हे कुणी विचारत नाही. मालक विचारत नाहीत, गिऱ्हाईक विचारत नाही, जंगलात जाऊन तो सिंह टिपणाऱ्याला तर कराड कुठं आहे हेही ठाऊक नसेल. दिवसा मी ज्याचं त्याचं घेतो आणि रात्री माझ्यावर आळ आला की रक्त तापतं. कॉपीराइट नसावाच असं म्हणायचं माझं तोंड नाही, आणि तसं मला वाटतही नाही.

हे यंत्र चालतं कसं, ते मी क्लेम खाऊन खाऊन शिकलो. यूट्यूबनं २००७ साली कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आणली. संगीत कंपन्या, स्टुडिओ, वितरक आपल्या गाण्यांच्या, चित्रफितींच्या मूळ प्रती तिथं जमा करतात. यंत्र त्यांचा जणू अंगठा घेऊन ठेवतं. मग जो कोणी नवा व्हिडिओ टाकेल त्याचा अंगठा त्या साठ्याशी ताडून बघतं. जुळला की मालकानं आधीच सांगून ठेवलेलं असतं: व्हिडिओ अडवायचा, की चालू ठेवून जाहिरातीचे पैसे आपल्याकडं वळवायचे, की नुसती नजर ठेवायची. बहुतेक जण पैसे वळवतात. साधी गोष्ट आहे, चालू दुकान कोण बंद पाडेल?

आमच्याकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. जमीन कोण कसतो, विहीर कोणी खणली, हे उताऱ्याला माहीत असतंच असं नाही. नाव कुणाचं लागलंय तेवढं तो सांगतो. इथं तर गंमत अशी की उताऱ्यावर नाव लावायची खिडकी सगळ्यांना उघडी नाही. ती मोठ्या मालकांना आणि वितरकांना. दीपस्तंभाचा गेम करणाऱ्या दोघांनी आपलं संगीत तिथं नोंदवलेलंच नव्हतं. रॅपरनं मात्र गाणं एका वितरण कंपनीमार्फत जगभर सोडलं आणि कंपनीनं ते नोंदवून टाकलं. तेव्हापासून ती बासरी यंत्राच्या लेखी त्या गाण्याची झाली. आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न यंत्राला पडत नाही.

पडायला हवा होता असंही नाही. ते अंगठा ओळखायला केलेलं आहे, वाद मिटवायला नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराच्या दहा तासांच्या व्हिडिओवर पाच क्लेम लागल्याची बातमी झाली होती. त्या व्हिडिओत गाणं नव्हतं, सूर नव्हता, जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्यावर यायची तसली नुसती खरखर होती. आम्ही गेमवाल्यांनी ती बातमी एकमेकांना पाठवून पोट धरून हसून घेतलं. आपल्यावर आल्यावर हसू येत नाही, तो भाग वेगळा.

मी लगेच आव्हान द्यायला हवं होतं. दिलं नाही. नऊ दिवस घालवले. ते नऊ दिवस का गेले, ते समजायला आधीचे चार क्लेम सांगावे लागतील.

पहिला सरळ माझी चूक. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ‘व्हाइस सिटी’ खेळलेली आमची पिढी. गाडीत बसलं की रेडिओ लागायचा, आणि मायकल जॅक्सन कोण हे आमच्यातल्या निम्म्यांना त्या गाडीतच कळलं. पुढं मी तसाच गाडीचा रेडिओ चालू ठेवून व्हिडिओ केला, क्लेम आला. रास्तच होता. गेम कंपनीनं गाणी गेमपुरती घेतलेली असतात, माझ्या व्हिडिओपुरती नाही. आणि त्यांचीही मुदत संपते. ‘जीटीए फोर’ २००८ ला आला आणि दहा वर्षांचे करार संपले म्हणून २०१८ ला त्यातली कितीतरी गाणी काढून टाकावी लागली. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या गेममधून! ‘सायबरपंक २०७७’ वाल्यांनी शहाणपण केलं. २०२० ला गेम आणतानाच त्यात असा एक खटका दिला, की दाबला की हक्काची गाणी गप्प.

दुसरा क्लेम गणपतीचा. लाइव्ह खेळत होतो, सुट्टीची संध्याकाळ, खिडकी उघडी. कोपऱ्यावरच्या मंडळाची आरती सुरू झाली, अर्थातच कर्ण्यावर. मी गेममध्ये रताळी लावत होतो आणि मागं सुखकर्ता दुःखहर्ता. रात्री क्लेम. मी चक्रावलो. समर्थ रामदासांची आरती, साडेतीनशे वर्षांपूर्वीची, तिच्यावर हक्क कुणाचा? धाकट्या बहिणीला विचारलं, ती तेव्हा साताऱ्याला एलएलबी करत होती. ती म्हणाली, “दादा, आरती कुणाचीच नाही, पण जी गायली आणि रेकॉर्ड केली ती कॅसेट कुणाची तरी आहे. तू म्हटली असतीस तर काही झालं नसतं.” पटलं. मी तेवढा तुकडा कापला. तेव्हापासून गणेशोत्सवात खिडकी बंद ठेवून, घामानं भिजून खेळतो.

तिसरा आणि चौथा सांगण्यासारखे नाहीत. एक ‘फुकट वापरा’ म्हणून घेतलेल्या संगीताचा होता, ते नंतर कुणीतरी नोंदवलं. दुसऱ्याचं कारण मला आजही कळलेलं नाही. दोन्ही वेळा मी मुकाट्यानं मूळ व्हिडिओ उघडला, तेवढ्या जागेचा आवाज पुसला, पुन्हा अपलोड केला. हार्ड डिस्क भरत आली होती म्हणून मूळ फाइली उडवल्या.

आणि मग हळूहळू एक सवय लागली. नवा गेम सुरू केला की आधी सेटिंगमध्ये जाऊन संगीताचा आवाज शून्यावर आणायचा. कुणी सांगितलं नव्हतं. पावलांचे आवाज, दारांची करकर आणि माझी बडबड, एवढंच उरायचं. ज्यानं कुणी महिनोन्‌महिने बसून त्या प्रसंगासाठी चाल बांधली असेल तिला मी खेळायच्या आधीच गप्प करायचो. ताशाशिवाय मिरवणूक निघावी तसे ते व्हिडिओ आता ऐकवत नाहीत. दीपस्तंभाच्या गेममध्ये आवाज राहिला तो विसरून. बरं झालं विसरलो, नाहीतर ती बासरी मीही ऐकली नसती.

भीती कशाची? स्ट्राइकची. क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे, पण झोपेतून उठून मेल वाचणाऱ्याला तो कळत नाही. क्लेमनं पैसे जातात. स्ट्राइकनं चॅनेल जातं: नव्वद दिवसांत तीन बसले की सगळं बंद. आव्हान दिलं तर यूट्यूबच्या रीतीप्रमाणे ते आधी जातं ज्यानं क्लेम लावला त्याच्याचकडं. त्याला तीस दिवस. त्यानं नाकारलं तर अपील करायचं, त्याला सात दिवस. तरीही तो ऐकेना आणि त्यानं व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली, तर मग स्ट्राइक. फिर्यादी स्वतःच पहिल्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला. आणि तो अमेरिकेत, किंवा कुठं तरी, आणि मी कराडच्या स्टँडमागं.

यूट्यूबनं २०२१ च्या अखेरीला पहिल्यांदा या सगळ्याचे आकडे जाहीर केले. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून जास्त क्लेम लागले होते. त्यातल्या एक टक्क्याहूनही कमी क्लेमना कुणी आव्हान दिलं. आणि ज्यांना दिलं, त्यांतले ६० टक्के निकाल व्हिडिओवाल्यांच्या बाजूनं गेले. म्हणजे सहा महिन्यांत बावीस लाखांच्या आसपास क्लेम टिकले नाहीत. इतक्या थोड्यांनीच तक्रार केली म्हणजे बाकीचे क्लेम बरोबर असणार, असं कुणी वाचेल. मी चार वेळा तक्रार न करणारा माणूस आहे. त्यातला एक क्लेम नक्की बरोबर होता, एक कायद्यानं बरोबर होता, आणि दोहोंचं मला आजवर माहीत नाही. मी गप्प बसलो ते दर वेळी पटलं म्हणून नव्हे.

गेमवाल्यांचं हे दुखणं जुनं आहे. २०१३ साली निन्टेंडोनं आपल्या गेमच्या व्हिडिओंवरचे जाहिरातीचे पैसे आपल्याकडं घ्यायला सुरुवात केली. पुढं २०१५ ला योजना काढून खेळणाऱ्याला व्हिडिओमागं ६० आणि चॅनेल जोडलं तर ७० टक्के वाटा देऊ केला. २०१८ ला तीही गुंडाळली आणि साधे नियम लावून व्हिडिओ करायला मोकळीक दिली. २०१३ च्याच डिसेंबरात गेमच्या व्हिडिओंवर क्लेमची अशी लाट आली की कॅपकॉम, यूबीसॉफ्ट, ब्लिझार्डसारख्या गेम कंपन्यांनाच जाहीर सांगावं लागलं, की बाबांनो, आमच्या गेमवर क्लेम आला असेल तर कळवा, आम्ही बघतो. गेम ज्यांचा त्यांची हरकत नव्हती. हरकत घेणारे तिसरेच होते. माझ्या बाबतीतही तेच.

नवव्या दिवशी बहीण घरी आली होती. आता तिची प्रॅक्टिस सुरू झाली आहे. तिला मी आव्हानाचा मजकूर दाखवला. नऊ दिवसांत मी इंग्रजीत तेवढंच लिहून ठेवलं होतं. सुरुवातीला ‘आदरणीय महोदय’ला जे काही म्हणतात ते, मग तसदीबद्दल क्षमस्व, मग कृपया माझ्या लहान चॅनेलचा विचार व्हावा, शेवटी आपला विश्वासू. शाळेत फी माफीचा अर्ज लिहायला शिकलो होतो, तोच.

तिनं वाचलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. “दादा, फी माफ करून मागतोयस का? हा अर्ज नाही, हरकत आहे. ‘कृपया’ काढ. क्षमस्व काढ. गेमची तारीख लिही, गाण्याची तारीख लिही, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत ते लिही, आणि थांब.”

“आणि स्ट्राइक बसला तर?”

“आधी त्यांना नाही म्हणू दे. आणि हे बघ, क्लेम म्हणजे कायद्याची नोटीस नव्हे. ते त्या साइटवाल्यांचं आणि कंपन्यांचं आपसातलं आहे.” मग आमच्याकडच्या कायद्यात काय आहे ते तिनं जेवता जेवता सांगितलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, त्यात टीका-समीक्षेसाठी वापराची सूट. त्याच कलमात असंही आहे, की मालकानं लेखी तक्रार केली तर साइटनं एकवीस दिवस ती गोष्ट बंद ठेवायची, आणि तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ती पुन्हा उघडता येते. म्हणजे कायद्यात हुकूम आणायचं काम तक्रार करणाऱ्यावर आहे. माझ्या व्हिडिओचे पैसे मात्र पहिल्या तासापासून वळले होते, आणि सिद्ध करायचं काम माझ्यावर.

मजकूर पाच ओळींचा झाला. पाठवला. त्याच रात्री गेमवाल्या दोघांनाही लिहिलं, तुमची बासरी चोरीला गेली आहे म्हणून. जरा चढ्या आवाजातच लिहिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी माझे आभार मानले, आणि मग लिहिलं की ती बासरी त्यांनी वाजवलेली नाहीच. आयत्या सुरावटींचा साठा विकणाऱ्या एका दुकानातून त्यांनी ती विकत घेतली होती; परवान्याची प्रत सोबत जोडली होती. तेच तुकडे कोणीही घेऊ शकतो. त्या रॅपरनं, किंवा त्याचं संगीत करणाऱ्यानं, बहुधा तिथूनच घेतली असणार. असल्या दुकानांची एक अट सहसा असते: आमचा तुकडा गाण्यात वापरा, पण तो एकट्या तुमचा म्हणून नोंदवू नका.

नऊ दिवस मी ज्याला चोर म्हणत होतो तो चोर नव्हता. गेमवाले नव्हते, मीही नव्हतो. गावच्या पाणवठ्यावर तिघंजण आपापली घागर भरत होते, आणि गाणं जगभर सोडताना कोणीतरी, बहुधा न वाचताच, एका चौकटीत टिचकी मारून सगळा पाणवठा एकाच्या नावावर चढवला. हे कळल्यावर राग यायला समोर कोणी उरलंच नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा जास्त त्रास झाला. त्या रॅपरचं ते गाणं नंतर मी पुन्हा ऐकलं. वाईट नाही.

परवान्याची प्रत मी जपून ठेवली. अपील करायची वेळ आली तर जोडता यावी म्हणून. वेळ आली नाही. समोरून हो नाही की नाही नाही. तीस दिवस पुरे झाले आणि क्लेम आपोआप गळून पडला. कुणी वाचलं तरी होतं की नाही, देव जाणे. तो माझ्या एका व्हिडिओवरून गळला. साठ्यातून ते गाणं निघालं असं कुठं कळवलेलं नाही. दीपस्तंभाच्या पावसात उद्या दुसरा कोणी गप्प बसला तर त्यालाही बहुधा तोच मेल जाईल.

आता हिशेब. त्या सव्वा महिन्यात व्हिडिओ आठ हजार शंभर वेळा बघितला गेला. त्यातले सहा हजार चारशे पहिल्या नऊ दिवसांतले. आव्हान दिल्यावर पैसे कुणालाच न देता बाजूला ठेवतात आणि निकालानंतर ज्याचे त्याला देतात. पण क्लेम लागल्यापासून पाच दिवसांच्या आत आव्हान दिलं तरच पहिल्या दिवसापासूनचे पैसे ठेवले जातात. उशीर केला तर आव्हान दिल्याच्या दिवसापासूनचे. मला मिळाले ते उरलेल्या सतराशेंचे: बासष्ट रुपये.

साहेबांचा बॅनर क्लेम आला त्याच दिवशी संध्याकाळी स्टँडसमोर लागला होता, सिंहासकट. त्यावर कुणाचा क्लेम आला नाही.

गेमचे व्हिडिओ करणारी मराठी पोरं आता गावोगाव आहेत. क्लेम आला तर आधी ते गाणं नीट ऐका. दुसऱ्याचं असेल तर निमूट काढा, त्यात कमीपणा नाही. नसेल तर तारखा लिहा, मिनिटं लिहा, आणि पाच दिवसांच्या आत पाठवा. ‘कृपया’ लिहू नका.